छोट्या इंग्रजी शब्दांची पुस्तिका: काही महिने वापरल्यावर

स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल्स पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) खेळणाऱ्यांसाठी काढलेली, दोन ते पाच अक्षरांचे चमत्कारिक इंग्रजी शब्द अर्थांसकट देणारी ही खिशात मावणारी पुस्तिका दिवाळीच्या सुमारास ऑनलाइन मागवली. आता उन्हाळा लागलाय आणि रविवारचा डाव अजून आमच्याकडेच बसतो. पैसे वसूल झाले. पण यादी शिळी आहे, आणि बांधणी सोलापूरच्या उन्हात टिकेल अशी नाही.

सगळ्यात जास्त कामाला आला तो 'क्यू-आय'. उच्चार 'ची', अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू एकटाच दहा पॉइंटचा, संपूर्ण खेळात एकच, आणि तो रॅकवर (आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर) आला की, इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यूच लागतो म्हणून, यू येईपर्यंत लोक डोक्याला हात लावून बसतात. हा शब्द माहीत असला की यूची वाट बघायची गरज नाही. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात ठेवून आडवा आणि उभा दोन्हीकडे 'क्यू-आय' जमवला, तर बाकी घरं साधी असूनही एकाच चालीत 62 पॉइंट होतात. ताईने हे पहिल्यांदा केलं तेव्हा भाच्याने बेरीज मोबाइलवर तपासली.

बाकीचेही मजेशीर आहेत. 'ए-ए' म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. 'ए-आय' म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ. आजकाल प्रत्येकाला वेगळंच काही वाटतं, म्हणून दर वेळी हरकत येते. 'एक्स-यू' हे व्हिएतनामचं जुनं नाणं, डाँगचा शंभरावा भाग. 'जे-ओ' म्हणजे स्कॉटलंडमध्ये प्रियकर किंवा प्रेयसी. 'झेड-ओ' म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं हिमालयातलं जनावर. 'सी-डब्ल्यू-एम' वेल्श भाषेतून आलेला, डोंगरातली हिमनदीने कोरलेली खोलगट जागा. तो लावला तेव्हा भाच्याचा मित्र म्हणाला, "हे काय बे, एकपण स्वर नाही!" मग त्याला 'सी-आर-डब्ल्यू-टी-एच' हे वेल्श तंतुवाद्य दाखवलं. तो गप्प.

गाणं शिकलेल्यांसाठी एक गंमत. इंग्रजी सरगमातला 'रे' चालतो. 'एम-ए' आणि 'पी-ए' पण चालतात, पण आई आणि बाबा म्हणून. 'सा', 'ग', 'नि' मात्र चालत नाहीत. आमच्या हार्मोनियम वाजवणाऱ्या शेजाऱ्यांना हा अन्याय अजून पटलेला नाही.

अर्थ छापलेत म्हणूनच मी ही पुस्तिका घेतली. भाच्याकडे अॅप आहे, त्यात नुसती शब्दांची रांग. तो पाठ करतो, आणि पुढच्या रविवारी निम्मे विसरतो. ताईला 'झेड-ओ' एकदा सांगितला आणि तो कायमचा बसला, कारण तिला तो प्राणी डोळ्यांसमोर दिसतो. यावर भाचा लगेच नायजेल रिचर्ड्सचं नाव काढतो. न्यूझीलंडच्या या खेळाडूने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, तेही फ्रेंच बोलता येत नसताना, शब्द पाठ करून. खरं आहे. पण घरी भाकरी थापून, नोकरी करून रविवारी दोन डाव खेळणाऱ्याने त्याच्याशी बरोबरी कशाला करायची?

आता तक्रारी. या पुस्तिकेत दोन अक्षरी शब्द 124 आहेत. म्हणजे ती 2019 च्या आधीच्या कॉलिन्स यादीवर (स्पर्धांत मान्य असलेल्या इंग्रजी शब्दांची यादी) बेतलेली. 2019 मध्ये तीन वाढले आणि संख्या 127 झाली. वाढलेल्यांत 'ओ-के' पण आहे. आमच्याकडे 'ओ-के'वरून चांगलं भांडण पेटलं. पुस्तिकेत नाही म्हणून मेव्हण्यांनी हरकत घेतली, भाच्याने नवी यादी काढून दाखवली, चहा गार झाला. दुसरं, अमेरिकेत वेगळी यादी चालते (2018 च्या आवृत्तीत दोन अक्षरी 107), आणि 'झेड-ओ' किंवा स्कॉटिश गाईगुरांचा 'के-वाय' तिथे चालत नाही. अशा शब्दांवर साधी खूण हवी होती. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सवर होतात म्हणून निभावलं, पण अमेरिकेतल्या नातेवाइकाशी ऑनलाइन खेळणारा फसेल.

बांधणी गोंदाची. मार्चमध्येच पानं सुटायला लागली. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल करून घेतली, आता ठीक आहे. अक्षरही बारीक, चाळिशीनंतर चष्मा लागतोच.

आपल्याकडचे शब्द बऱ्यापैकी आहेत, हे मात्र आवडलं: घाट, डाक, तोळा, शेर, आणा, लाख, नाचणीचा 'रागी'. 'जे-ओ-डब्ल्यू-ए-आर' म्हणजे आपली ज्वारी, साधी घरं धरली तरी 15 पॉइंट. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हा शब्द पुस्तिकेतून कळावा! पाच अक्षरांवर थांबल्यामुळे 'चद्दर' मात्र राहिली. इंग्रजीत ती सात अक्षरी, म्हणजे रॅकवरच्या सातही टाइल्स लागतात आणि वर पन्नासचा बोनस मिळतो. सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे एक मित्र तिच्यासाठी कधीपासून दोन डी जपून ठेवतात. अजून जमलेली नाही, आणि त्या नादात ते दर डावाला हरतात.

घ्यायचीच असेल तर आधी पुस्तिका कोणत्या सालच्या यादीवर आहे ते विचारा. सुरुवात क्यू, झेड, जे, एक्स यांच्या दोन अक्षरी शब्दांपासून करा. ते सगळे मिळून एका पानावर मावतात. व्हीचं पान शोधू नका. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, त्यामुळे डाव संपत आला की तो रॅकवरून आधी काढा.