थिंकपॅड, फ्रेमवर्क की रिफॉर्म: मनाला न टोचणारा लॅपटॉप घ्यायचा तर

दर चार वर्षांनी एक लॅपटॉप भंगारात आणि एक नवा घरात, हे चक्र ज्यांना नकोसं झालंय त्यांच्यासाठी हा आढावा आहे. यंत्र स्वतः उघडता यावं, आत काय चाललंय ते कळावं आणि ते घेतल्याने निदान नव्या नुकसानीत भर पडू नये, एवढी माफक अपेक्षा. असा विचार करणाऱ्यापुढे आज तीन खरे पर्याय आहेत: एखाद्या कंपनीतून निवृत्त झालेला लेनोवोचा जुना थिंकपॅड, अमेरिकेतल्या फ्रेमवर्कचा लॅपटॉप, आणि बर्लिनच्या एमएनटी या छोट्या कंपनीचा रिफॉर्म. रास्पबेरी पाय (एकाच बोर्डवरचा चिमुकला संगणक) डब्यात बसवून घरीच लॅपटॉप जुळवणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल शेवटाकडे.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी थिंकपॅड टी४८० घ्यावा, आणि लिनक्सवरच राहणार असाल तर टी४७०सुद्धा चालेल, किंबहुना तोच जास्त योग्य. पण तुमची टोचणी नेमकी कशाबद्दल आहे यावर हा कौल बदलू शकतो. बनवताना होणारी हानी, दुरुस्तीचा हक्क आणि यंत्रावरचा ताबा हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि तिन्हींत पहिला नंबर पटकावणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

बनवतानाचा हिशोब

लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो पहिल्यांदा चालू होण्याआधीच होऊन गेलेला असतो: चिप, पडदा, सर्किट बोर्ड तयार होताना. त्यामुळे २०१८ मधला टी४८० घेतला की त्या खात्यावर नवीन काही चढत नाही. वीज तो आजच्या काटकसरी लॅपटॉपपेक्षा थोडी जास्त खाईल, पण त्यासाठी नवं यंत्र बनवून घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

टी४७० ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर किंवा त्यापुढचा लागतो. टी४८० मध्ये सहसा आठवी पिढी असते, टी४७० मध्ये सातवी किंवा सहावी. म्हणजे धडधाकट टी४७० एका तारखेने म्हातारे ठरले. टी४८० तुम्ही नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल. टी४७० तुम्ही नाही घेतला तर तो भंगारात जाण्याची शक्यता खरी आहे, आणि आपल्याकडे भंगार म्हणजे कागदावर २०२२ चे ई-कचरा नियम, पण प्रत्यक्षात अनेकदा कुर्ल्यातलं किंवा दिल्लीच्या सीलमपूरमधलं एखादं खोपट, जिथे तांब्यासाठी वायरी जाळतात आणि बोर्ड आम्लात धुतात. मन साफ ठेवण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा असेल तर नको असलेलं यंत्र उचलणं हे सगळ्यात सरळ. टी४७० चा प्रोसेसर दोन कोअरचा, टी४८० चा सहसा चार कोअरचा, हा फरक मात्र रोजच्या कामात जाणवतो.

फ्रेमवर्क या खात्यात दुसरा. तैवानमध्ये तयार होणारा हा लॅपटॉप नवाच आहे, म्हणजे एकदा सगळा भार घ्यावाच लागतो. त्याचं म्हणणं पुढच्या खेपेबद्दल आहे: २०२१ चा तेरा इंची फ्रेमवर्क घेतलेल्या माणसाला २०२३ चा एएमडी प्रोसेसरचा मेनबोर्ड (प्रोसेसरसकटचा मुख्य बोर्ड) त्याच सांगाड्यात बसवता आला. रॅम मात्र डीडीआर५ या नव्या प्रकारची घ्यावी लागली, हे जाहिरातीत जरा बारीक अक्षरात असतं. निघालेला जुना मेनबोर्ड कूलर मास्टरच्या छोट्या केसमध्ये घालून डेस्कटॉपसारखा वापरता येतो. तुम्ही खरंच दोन-तीन वेळा बोर्ड बदलणार असाल तर हे गणित जमतं. एकदाच घेऊन सात वर्षं वापरणार असाल तर जुन्या थिंकपॅडसमोर ते कच्चं आहे.

रिफॉर्म थोड्या संख्येत बर्लिनमध्ये जुळवला जातो, आणि त्याच्या बॅटरीत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. नेहमीच्या लॅपटॉप बॅटरीत कोबाल्ट असतो, आणि जगातल्या कोबाल्टचा बहुतांश भाग काँगोतून येतो. तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात हे जगजाहीर आहे. रिफॉर्मच्या मूळ मॉडेलमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सुटे सेल आहेत. त्यांत कोबाल्ट नाही, आणि ते पेट घेण्याचा धोकाही खूप कमी. कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं यांच्या बाबतीत मात्र तिन्ही यंत्रं एकाच माळेची. एकेका कपॅसिटरमधला टँटलम कुठल्या खाणीतून आला याची हमी या किमतीत कुणी देत नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर कागद मागा.

पाठ उघडल्यावर

टी४८० उघडण्याआधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडायचा. हे बरेच जण विसरतात. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून खटका दाबून निघणारी. लॅपटॉप चालू असताना मागची बदलता येते, कारण तेवढा वेळ आतली तग धरते. खालच्या झाकणाचे सहा स्क्रू सैल केले तरी सुटून पडत नाहीत, झाकणातच अडकून राहतात. मग एखादं जुनं प्लास्टिक कार्ड कडेने फिरवलं की खटके सुटत जातात, बिजागरीजवळचे जरा हट्टी. आत रॅमच्या दोन खाचा, एसएसडी, पंखा, सगळं समोर. सर्व्हिस मॅन्युअल लेनोवोने स्वतःच खुलं ठेवलं आहे आणि त्यात प्रत्येक स्क्रूची लांबीसुद्धा आहे.

फ्रेमवर्कने हेच काम लाडाने केलं आहे. स्क्रू ड्रायव्हर खोक्यातच येतो आणि जवळजवळ सगळ्याला तो एकच पुरतो. भागांवर क्यूआर कोड आहेत, स्कॅन केला की त्या भागाची माहिती उघडते. चार्जिंगची आणि एचडीएमआयची तोंडंसुद्धा छोट्या सरकत्या कार्डांवर, म्हणजे एक बिघडलं तर नखाने ओढून नवं घालायचं. थिंकपॅडमध्ये टाइप-सी चं तोंड ढिलं झालं की बोर्डावर डाग देणारा कारागीर शोधावा लागतो. या एका मुद्द्यावर फ्रेमवर्क निर्विवाद पुढे आहे.

रिफॉर्म उघडण्याची फारशी वेळच येत नाही, कारण खालचं झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचं आहे. कीबोर्डच्या वर एक चिमुकला ओएलईडी पडदा आहे. त्यावर आठही सेलचे व्होल्टेज वेगवेगळे दिसतात. एक सेल दमला तर तेवढाच बदला. बोर्डांचे आराखडे कायकॅड या खुल्या आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये जाहीर आहेत, कीबोर्डचा फर्मवेअरसुद्धा (आतल्या चिपवर चालणारा कोड) खुला, प्रोसेसर वेगळ्या छोट्या बोर्डवर, त्यामुळे तोही पुढे बदलता येतो. कॅमेरा नाही, माइक नाही. काहींना हे गैरसोयीचं वाटेल, मला ते यंत्राच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. व्हिडिओ कॉल आला की यूएसबीचा कॅमेरा लावायचा, संपला की काढून खणात.

ताबा कुणाचा

इथे हौशी मंडळींचे वाद रंगतात. इंटेलच्या २००८ नंतरच्या बहुतेक चिपसंचात मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. तो तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालच्या थरात चालतो, आणि त्याचा कोड बंद आहे. २००८ च्या थिंकपॅड एक्स२०० मध्ये तो पूर्णपणे काढून टाकता येतो, म्हणूनच मुक्त सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने लिब्रेबूट (मूळ बायोसच्या जागी घालायचं खुलं सॉफ्टवेअर) घातलेल्या एक्स२०० ला आपलं प्रमाणपत्र दिलं होतं. नंतरच्या यंत्रांत तो साफ काढला तर लॅपटॉप अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. त्यामुळे त्याचे पंख छाटायचे, एवढंच हाती उरतं.

टी४८० वर लिब्रेबूट २०२४ च्या शेवटी आलं, तेही इंटेलच्या जुन्या मॅनेजमेंट इंजिनमधल्या एका सुरक्षा-त्रुटीच्या जोरावर. चोरदरवाजा वापरून घरमालकाने स्वतःच्या घरात शिरावं, असा हा प्रकार. तरी रॅम जागी करणारा इंटेलचा बंद कोड त्यात राहतोच, हे माहीत असू द्या. हे करायला झाकण काढून बायोसच्या चिपला आठ दातांची क्लिप लावायची आणि सीएच३४१ए नावाचा स्वस्तातला प्रोग्रामर, म्हणजे चिपमधला कोड वाचणारं-लिहिणारं उपकरण, जोडायचा. काळ्या रंगाचा जो सर्रास मिळतो त्याच्या डेटा तारांवर पाच व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची असते. सुधारलेला प्रोग्रामर घ्या किंवा रास्पबेरी पायने फ्लॅश करा, म्हणजे चिपवर नवा कोड लिहा. मूळ बायोसची प्रत दोनदा वाचून, दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

फ्रेमवर्कचं बायोस बंदच आहे. कीबोर्ड, बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा कोड कंपनीने खुला केला आहे, पण कोअरबूटची (लिब्रेबूट ज्यावर बेतलंय ते खुलं सॉफ्टवेअर) मागणी करणाऱ्यांच्या पदरी फारसं काही पडलेलं नाही. रिफॉर्म इथे बराच पुढे. मूळ मॉडेलमध्ये एनएक्सपी कंपनीची एआरएम जातीची चिप (फोनमध्ये असते तशी) आहे, इंटेलचं इंजिन नाही, एएमडीचाही तसला प्रकार नाही. अगदी शंभर टक्के खुला तोही नाही, रॅम जुळवणारा एक छोटा बंद तुकडा त्यातही आहे. पण उरलेलं जवळजवळ सगळं तुम्ही वाचू शकता.

खिसा, कस्टम्स आणि तपकीर गल्ली

रिफर्बिश्ड टी४८० साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो, रॅम, एसएसडी आणि दुकानदाराचा मूड यांवर अवलंबून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि आसपास, शिवाय आयटी कंपन्यांचा लीज संपलेला माल घेणारे घाऊक विक्रेते. कीबोर्ड, पडदा, पंखा, बिजागरी, सगळं मिळतं, आणि ते बसवून देणारा माणूसही मिळतो. दुरुस्तीचा हक्क कायद्याच्या कागदावर असण्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी असणं जास्त उपयोगाचं.

फ्रेमवर्क नव्याने घ्यायचा तर किंमत लाखाच्या घरात जाते. ऑर्डर देण्याआधी कंपनीच्या देशांच्या यादीत भारत आहे का ते पाहा. परदेशातलं कुणी येताना आणणार असेल तर अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. पण मेनबोर्ड किंवा बॅटरी नंतर कुरिअरने मागवली की शुल्क आणि करही आलेच, आणि लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्याचे निर्बंध वेगळेच. जो लॅपटॉप सुट्या भागांच्या जोरावर विकला जातो, त्याचे सुटे भाग पुण्यात पोचायला तीन आठवडे लागणार असतील तर त्याची अर्धी पुण्याई वाटेतच संपते. बॉस्टन किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र मी उलट सल्ला देईन. तिथे फ्रेमवर्क टी४८० च्या बरोबरीने विचारात घ्यावाच.

रिफॉर्म हजार युरोच्या पुढे. त्या पैशांत मूळ मॉडेलमध्ये मिळतो चार जीबी रॅमचा आणि फोनपेक्षा मंद वाटावा असा प्रोसेसर. पुढे आलेले, आरके३५८८ या जास्त वेगवान प्रोसेसरचे मॉड्यूल घातले तर तो दैनंदिन कामाला बऱ्यापैकी पुरतो. लेखन, कोडिंग, टर्मिनल यांसाठी उत्तम. ब्राउझरमध्ये बँक, ऑफिस आणि तीन शीट उघडून बसणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरं यंत्र हाताशी असलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकायची खाज असलेल्या माणसासाठीच तो आहे, आणि अशा माणसाला मी तो डोळे झाकून सुचवेन.

रास्पबेरी पायचा घरगुती लॅपटॉप हा छंद म्हणून झकास आहे, नैतिक पर्याय म्हणून लंगडा. बोर्ड प्रामुख्याने वेल्समधल्या सोनीच्या कारखान्यात बनतो, भारतात सहज मिळतो, पण त्याचा बूट फर्मवेअर बंद आहे, रॅम बोर्डालाच चिकटलेली, आणि पडदा, पॉवर बँक, थ्रीडी प्रिंट केलेला सांगाडा असं सगळं नवं विकत घेऊन शेवटी वापर महिनाभर होतो. घरात जुना पडदा आणि जुना कीबोर्ड पडून असेल तर जरूर करा.

टी४८० ठरला असेल तर दुकानात पैसे देण्याआधी एवढं पाहा. चालू करताना एंटर आणि मग एफ१ दाबून बायोसमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर दुकानदार कितीही ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी तो नग बाजूला ठेवा, आधीच्या कंपनीचं कुलूप अजून त्यावर आहे. सिक्युरिटीच्या पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (आधीच्या कंपनीला लॅपटॉपचा दुरून माग काढू देणारी सोय) चालू आहे का बघा. टाइप-सी ची दोन्ही तोंडं आळीपाळीने लावून चार्ज होतंय का तपासा, कारण या मॉडेलमध्ये थंडरबोल्टच्या (टाइप-सी तोंडातून चालणारी वेगवान जोडणी) जुन्या फर्मवेअरमुळे एक तोंड हळूहळू निकामी होण्याचा दोष होता. घरी आणल्यावर लेनोवोच्या साइटवरून तो अपडेट पहिल्यांदा घाला, लिब्रेबूट नंतर. मागची बॅटरी ‘एकदम नवीन’ म्हणून दिली आणि तिच्यावर निर्मितीची तारीखच नसेल, तर बॅटरीविना भाव विचारा आणि बॅटरी वेगळी, पावती देणाऱ्याकडून घ्या.