कंटेनर पाठवावा की तिथेच धान्य घ्यावे?
मुंबईत जमवलेल्या निधीतून परदेशातल्या गरजू कुटुंबांना तांदूळ द्यायचा, तर न्हावाशेवाहून २० फुटी कंटेनरमध्ये साधारण २५ टन जातो. धुरीकरण (कीड मारण्यासाठी धुरी देणे), वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र (धान्य कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला), जहाजभाडे, विमा यांचा खर्च मात्र निधीतूनच. समुद्रात तापमान बदलले की कंटेनरच्या छताला दव धरते आणि वरची पोती बुरशीने जातात. म्हणून तांदूळ नीट वाळलेलाच भरा, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. तिकडच्या बंदरात कागद अडले, तर विलंबशुल्क रोज चढते.

तिथला बाजार चालू असेल तर पैसेच पाठवा, असे आमचे स्पष्ट मत. अन्न लवकर आणि सवयीचे मिळते. बाजार रिकामा असेल तरच कंटेनर. ट्रस्टने परदेशातल्या खर्चासाठी प्राप्तिकर खात्याची मंजुरी आधी घ्यावी. एरवी त्या रकमेवर करसवलत मिळत नाही.