रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर गाडीवर काय टिकलं, काय उतरलं

नव्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला गेलं की शोरूममध्ये ॲक्सेसरीजची यादी पुढे येतेच. गाडी समोर चकचकीत उभी असते, मनात लडाख असतं आणि त्या भरात सगळंच हवंसं वाटतं. माझं मत असं की क्रॅश गार्ड आणि इंजिनाखालची धातूची बॅश प्लेट एवढंच त्या दिवशी बसवून घ्यावं आणि बाकी यादी घडी घालून ठेवावी. पहिलं सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असतं. तोवर गाडी कंपनीने दिली तशीच चालवली की हात कुठे अवघडतात, वारा कुठे लागतो, रात्री काय दिसत नाही हे नेमकं कळतं. मग जे घ्याल ते आपल्या रस्त्यासाठी घ्याल, व्हिडिओतल्या कुणाच्या रस्त्यासाठी नाही.

माझा रस्ता सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कुठल्या हिशेबाने लिहिलंय ते लक्षात येईल. गाडी साताऱ्यात असते. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवारी कास, बामणोली, ठोसेघर, आणि जोडून सुट्टी आली की कुंभार्ली किंवा आंबेनळी उतरून कोकण. डांबर, खड्डे, लाल माती, आणि पावसात शेवाळलेले वाडीतले सिमेंटचे रस्ते. बर्फ आणि नदीपात्रं माझ्या वाट्याला आलेली नाहीत, त्यामुळे त्याबद्दल काही बोलणार नाही.

मूळ गाडीबद्दल थोडक्यात. ४५२ सीसीचं लिक्विड कूल्ड शेर्पा इंजिन, ४० पीएस, ४० न्यूटन मीटर, सहा गिअर. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनसारखी ही अगदी खालून ओढत नाही. ३००० आरपीएमच्या वर ठेवली की मोकळी होते, आणि घाटात एक गिअर खाली ठेवायची सवय झाली की चढाला काय जोर लावते ते बघत राहावं. टाकी १७ लिटरची आहे. साताऱ्याहून गुहागर, दापोली करून परत येईपर्यंत मला सहसा पंप शोधावा लागत नाही. सीट ८२५ किंवा ८४५ मिलिमीटरवर लावता येते. मी वरच्या उंचीवर ठेवली आहे, कारण गुडघे कमी दुमडतात आणि खराब रस्त्यावर पटकन उभं राहता येतं.

आता वजन. ही गाडी १९६ किलोची आहे, आणि तिच्यावर जे जे बसवाल ते यात मिळवायचं असतं. लोखंडी गार्ड, स्टँड, पेट्या, दिवे असं करत करत पंधरा-वीस किलो कधी चढतात ते कळतही नाही. हायवेला ते जाणवत नाही. ओल्या मातीच्या उतारावर यू-टर्न घेताना मात्र प्रत्येक किलो पायाला कळतो. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारला : ही नसती तर माझी कुठली फेरी अडली असती?

क्रॅश गार्ड या प्रश्नात पहिल्याच झटक्यात पास होतो. गाडी जागेवर आडवी झाली तरी रेडिएटर आणि टाकी वाचते. बॅश प्लेटही तशीच. बामणोलीकडच्या उखडलेल्या रस्त्यावर पुढच्या चाकाने उडवलेली खडी खाली कशी टणाटण वाजते ते ऐकलं की पैसे वसूल वाटतात. रेडिएटरची जाळी स्वस्त आहे, हलकी आहे, लावून टाका. फक्त तिच्यात साचलेला चिखल धुताना काढायचा, नाहीतर हवा अडते. नकल गार्डचा, म्हणजे हँडलवर हातांपुढे बसणाऱ्या ढालीचा, उपयोग मला पडण्यापेक्षा पावसात आणि थंडीत जास्त झाला. बोटं कोरडी राहिली की ब्रेकवर ताबा राहतो.

हँडल रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, मी पंचवीस मिलिमीटरचे घेतले, तेही खूप नंतर. उभं राहून चालवताना पाठ वाकत होती, ती आता वाकत नाही. ही गाडी राइड-बाय-वायर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची, असल्याने थ्रॉटलची केबल नाही, पण क्लचची केबल, ब्रेकचा होज आणि स्विचच्या वायरी आहेतच. रायझर बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघायचं. कुठेही वायर ताणली जात असेल तर ती आधी मोकळी करून घ्यायची, मगच गॅरेजमधून निघायचं. आणि प्रत्येक नवीन नटावर पांढऱ्या पेंट मार्करने नट आणि ब्रॅकेट जोडणारी एक बारीक रेघ ओढून ठेवायची. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायची गरजच नाही. धुताना माझी नजर आता आपोआप त्या रेघांवरून फिरते. निळं लॉकटाइट, म्हणजे नट सैल होऊ न देणारा गोंद, लावलं तरी पहिल्या काही शे किलोमीटरनंतर एकदा तपासणं हवंच. सिंगल सिलेंडरची कंपनं कुणाला सोडत नाहीत.

सामानाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : कापडी बॅगा. सुरुवातीला टॉप बॉक्स लावला होता, तोही नावाजलेला. पेटी उत्तम होती, पण तिच्याखालच्या ब्रॅकेटला, जो दुसऱ्या एका कंपनीचा होता, पावसाळ्याआधीच वेल्डिंगजवळ केसासारखी चीर गेली. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरने पट्टी मारून जोडून दिला, आजही तो शाबूत आहे. पण खरा मुद्दा चिरेचा नाही. मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं, आणि तुटक्या रस्त्यावर हँडल हातात तरंगल्यासारखं वाटतं. आता जड सामान, म्हणजे हत्यारं, ट्यूब, पाणी, सॅडल बॅगेत खाली असतं, आणि टेल बॅगेत फक्त कपडे. शिवाय चिखलात पाय टेकवायची वेळ आली आणि पाय मागे ओढला गेला, तर कडक पेटीखाली पोटरी सापडू शकते. कापडी बॅग निदान दबते. सायलेन्सरच्या बाजूला मात्र बॅग दूर धरणारा लोखंडी स्टे हवाच, नाहीतर बॅग जळालीच म्हणून समजा.

बायको मागे असते आणि सामान असतं तेव्हा मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवतो. हे फुकटचं सेटिंग आहे आणि बरेच जण त्याला हातच लावत नाहीत. मागची बाजू बसली की हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मग आपल्याला रस्ता दिसत नाही म्हणून आपण आणखी दिवे लावतो. आधी प्रीलोड बघा, मग दिव्यांचं बघू.

दिवे मी लावले आहेत, पिवळे, २० वॅटचे दोन, खाली क्रॅश गार्डवर. कुंभार्लीत पावसाळी संध्याकाळी धुकं उतरतं तेव्हा हाय बीम मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड धुक्यावरूनच परत डोळ्यांत येतो. खाली लावलेला, रुंद पसरणारा दिवा रस्त्याची कड दाखवतो आणि तेवढंच हवं असतं. वायरिंग ज्यांनी केलं ते आमच्या भागातले अण्णा. त्यांनी हात लावायच्या आधीच सांगितलं, "साहेब, हेडलाइटची वायर कापायची नाही. बॅटरीवरून स्वतंत्र लाइन, रिले, फ्यूज. आणि चावी बंद केली की दिवा बंद झाला पाहिजे." दोन दिवे मिळून ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत. एवढा भार कंपनीच्या स्विचवरून ओढायचा नसतो. स्विचने फक्त रिले, म्हणजे विजेवर चालणारा दुसरा स्विच, ओढायचा आणि रिलेने दिवा. गाडीची मूळ वायर कापली नाही की वॉरंटीचा वाद उद्भवण्याची शक्यताही कमी होते. पहिल्या जोडीतल्या एका दिव्यात पाणी शिरलं, विकणाऱ्याने बदलून द्यायला टाळाटाळ केली, म्हणून दुसरी घेतली. समोरून गाडी आली की मी हे दिवे बंद करतो. गावात तर लावतच नाही.

आता नेव्हिगेशन, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. गाडीतच ४ इंचाचा गोल डिस्प्ले आहे. कंपनीचं ॲप फोनवर चालू ठेवून जोडलं की गुगल मॅप्स थेट त्या डिस्प्लेवर, स्पीडोमीटरच्या जागी दिसतो. शहरात आणि हायवेला मला हे फार आवडतं. नजर रस्त्यावरून जेमतेम उतरते, वेगळा फोन बाहेर लावावा लागत नाही, पावसाची भीती नाही. पुण्यात अनोळखी पेठेत जायचं असेल तर मी दुसरं काही वापरत नाही. फोन सतत काम करत असतो, म्हणून त्याला बंद खिशात कोंडायचं नाही आणि चार्जिंगला ठेवायचं, एवढंच.

कोकणात मात्र माझी पद्धत वेगळी आहे. आंबेनळीत, तापोळा-बामणोलीच्या खोऱ्यात, कोयनेच्या पलीकडे रेंज जाते-येते. तिथे मी रस्ता घरीच लॅपटॉपवर आखतो, त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेल्या मार्गाची फाइल, करतो आणि ऑसमॅन्ड या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या नकाशाच्या ॲपमध्ये टाकतो. नकाशा आधीच उतरवून घेतलेला असतो. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला सिम लागत नाही; फक्त रेंज नसताना पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो, म्हणून घरूनच ॲप चालू करून निघायचं. मग ते कमीत कमी अंतराचा रस्ता शोधत बसत नाही, मी आखलेली रेघ दाखवतं. रेघ सुटली की मला लगेच कळतं.

याची किंमत कळायला कमी अंतराच्या मागे लागलेला नकाशा एकदा अनुभवावा. दापोलीच्या अलीकडे एका वाडीत त्याने मला ठामपणे उजवीकडे वळवलं. सिमेंटचा रस्ता अरुंद होत होत दोन घरांच्या मधून उतरला आणि पुढे थेट जांभ्याच्या पायऱ्या. अंगणात आमसुलं वाळत घालणारे एक आजोबा म्हणाले, "गाडी नाय जायची हो, पुढे पाखाडी आहे. मागे फिरा नि देवळाकडनं जा." १९६ किलोची गाडी, वर सामान, चढावर उलटी ढकलायची. आजोबांनी मागून धरलं म्हणून फिरली. नकाशात पाखाडी आणि रस्ता दोन्ही सारख्याच रेघेने दिसतात. म्हणून आखताना मी उपग्रहाच्या चित्रावर झूम करून प्रत्येक बारीक रस्ता बघून घेतो.

जेट्ट्यांचंही तसंच. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेऱ्यांनी खाड्यांचे मोठे वळसे वाचतात, आणि नकाशा त्यांना रस्त्यासारखंच धरतो. पण शेवटची फेरी सुटली का, भरती-ओहोटी किंवा वाऱ्यामुळे बोट थांबली का, हे त्याला कुठून कळणार? संध्याकाळचा बेत असेल तर जेट्टीवर आधी फोन करायचा आणि खाडीला वळसा घालणारा दुसरा ट्रॅकही फोनमध्ये ठेवायचा.

फोन कुठला लावायचा? रोजचा नाही. चांगल्या कॅमेऱ्यांतली भिंगं बारीक स्प्रिंगांवर तरंगत असतात आणि मोटरसायकलची कंपनं त्यांना बिघडवू शकतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या फोनबद्दल स्वतःच तशी सूचना काढली होती. मी कपाटातला जुना फोन वापरतो, तोही कंपन शोषणाऱ्या रबरी माउंटवर. हँडलच्या डाव्या बाजूला लावला आहे, म्हणजे डिस्प्ले झाकत नाही. हँडलजवळच्या टाइप-सी पोर्टवरून चार्ज होतो. वायर फोनकडे नेताना खाली एक झोका ठेवायचा, म्हणजे पाणी वायरवरून घसरून झोक्याच्या तळातून गळतं, पोर्टपर्यंत पोचत नाही. पोर्ट ओला झाला की फोन चार्जिंगच नाकारतो, म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी बॅटरी पूर्ण भरलेली आणि टँक बॅगेत पॉवर बँक. पावसाचे थेंब स्क्रीनला बोटासारखे वाटतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो. यावर उपाय एकच, पारदर्शक कव्हर. उन्हाळ्यात उलट कव्हर काढायचं, नाहीतर फोन तापून स्क्रीन मंद करतो.

खरं काम मात्र हेल्मेटमधला इंटरकॉम करतो. "दोनशे मीटरवर डावीकडे" हे कानात ऐकू आलं की बघायचं राहतच नाही. चालत्या गाडीवर मी स्क्रीनला हात लावत नाही, थांबूनच बघतो. कायद्याचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमात रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये ही अट आहे. घाटातल्या वळणावर ती अट कायद्यात नसती तरी पाळावी लागली असती.

शेवटचं, टायरचं. माझ्या गाडीला ट्यूबचे टायर आहेत, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १४०/८०-१७. २१ इंची ट्यूब तालुक्याच्या गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेल ही आशा सोडा. पंक्चर तो काढून देईल, पण ट्यूब फाटली तर तुमच्याकडचीच हवी. दोन्ही मापांच्या ट्यूब, तीन टायर लिव्हर, चाक काढायचा पाना आणि छोटा इलेक्ट्रिक पंप एवढं सॅडल बॅगेच्या तळाशी कायम असतं. आणि एकदा घरी, सावलीत, घाई नसताना दोन्ही चाकं स्वतः काढून बसवून बघा. ट्यूबलेस स्पोक रिम आता मिळतात. नवीन गाडी घेत असाल तर टॉप बॉक्सचे पैसे त्यात घाला.