तहसीलबाहेरचे अर्जवाले नाना : साडेचार स्टार, अर्धा अक्षरासाठी कापला

दुकान म्हणायचं तर तीन पत्रे, एक टाइपिंगचा कॉम्प्युटर आणि झेरॉक्स मशीन. पाटी नाही. खान्देशातल्या आमच्या तालुक्याला तहसीलच्या गेटबाहेर कुणालाही विचारा, ‘अर्जवाले नाना’ म्हटलं की बोट दाखवतात.

आईला श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्या गरिबांच्या सरकारी पेन्शनचे, महिन्याला 1500 रुपये यायचे. आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात. पोळ्याच्या महिन्यापासून पासबुकात एंट्रीच नाही. बँकेत म्हणाले, वरून आले नाहीत. तहसीलच्या खिडकीवर म्हणाले, नाव कमी झालंय. का, ते कुणी सांगेना. बाहेर एक जण भेटला, दोन हजार द्या, महिन्यात चालू करतो म्हणाला. मी धुळ्याला ब्लाऊज शिवते, दोन हजार म्हणजे किती ब्लाऊज ते मलाच माहीत.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार लिहायला चक्क नकार दिला. “ताई, कशाबद्दल भांडायचं तेच आपल्याला माहीत नाही. आधी कारण कागदावर येऊ द्या.” आईच्या नावाने माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. नाव कोणत्या कारणाने, कुणाच्या अहवालावरून कमी केलं, त्याची प्रत द्या, एवढंच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आईने अंगठा दिला आणि सवयीने शाई केसांत पुसली.

तीस दिवसांची मुदत असते, सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. कारण, वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या मर्यादेच्या वर. चौकशीत वर्षाचं उत्पन्न 60,000 धरलं होतं. तीन एकर कोरडवाहू, कापसाचं. वडील गेल्यावर वारस लागले तेव्हा सातबाऱ्यावर आईचं नाव पहिलं आलं, म्हणून सगळा कापूस तिच्याच खात्यावर मांडला. आई तिथेच भडकली, “कापूस काय मना एकलीना शे का?”

नानांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, त्यावर पाच काड्या मांडल्या. आई, तीन भाऊ, मी. एक काडी आईकडे सरकवली, “माय, तुझे बारा हजार.” मग फेरफाराची (जमिनीला वारस लागल्याच्या नोंदीची) नक्कल, सातबारा, भावांची वेगळी रेशनकार्डं जोडून फेरचौकशीचा अर्ज लिहिला. सव्वा पान. “गरीब विधवा महिलेवर अन्याय” वगैरे मी सुचवलेलं त्यांनी खोडून टाकलं. त्या जागी फेरफाराचा नंबर घातला. मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते.

घरी पुन्हा चौकशी झाली, पंचनामा झाला, आणि आता पगार परत सुरू झालाय. यातलं श्रेय नानांचं किती आणि तलाठी बदलून नवा आला त्याचं किती, मला सांगता येणार नाही. मधल्या पाच महिन्यांचे साडेसात हजार मात्र अजून अडकलेत. त्याचा वेगळा अर्ज दिलाय, पोच आईने डाळीच्या डब्यात ठेवलीय.

दर : माहिती अधिकाराचे 150, मोठ्या अर्जाचे 200, झेरॉक्स दोन रुपये पान. ‘काम करून देतो’ असं ते कधीच म्हणत नाहीत, हेच मला आवडलं. खोटही सांगते. पहिल्या अर्जात आईच्या नावाची वेलांटी चुकवली. आधारवर एक, अर्जावर वेगळीच, त्यापायी माझा धुळ्याहून एसटीचा एक फेरा वाया गेला. सही करायच्या आधी एकेक अक्षर आधारशी लावून बघा. बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका, दोन-दोन तास नंबर लागत नाही, आणि मधेच ते चहाला निघून जातात.

सुटे पैसे घेऊन जा. त्यांच्याकडे कधीच नसतात.