ओटीजी तापेना: रॉड बदलल्यानंतरचे आठ महिने

माझा ओटीजी, म्हणजे केक-बिस्किटं भाजायचा विजेचा छोटा ओव्हन, २८ लिटरचा, १५०० वॅटचा. घेऊन पावणेतीन वर्षं झाली. खरा अनुभव लिहायचाय तो दुरुस्तीनंतरच्या आठ महिन्यांचा, कारण मधे हे यंत्र भंगारात जाता जाता राहिलं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर नानकटाया बिघडू लागल्या. वरून छान बदामी, उलटून पाहावं तर बूड पांढरंफटक, बटर पेपरला चिकटलेलं. आधी मी तुपाला दोष दिला, मग मैद्याला. तीन घाणे वाया गेल्यावर कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने वरचे तापणारे रॉड लाल झालेले पाहिले, "थर्मोस्टॅट गेलाय, नवीनच घ्या" म्हणाला (थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेलं तापमान राखायला वीज चालू-बंद करणारा भाग) आणि भेटीचे पैसे घेऊन गेला. खालच्या रॉडकडे त्याने वाकून पाहिलंही नाही, याचा मला अजून राग येतो.

त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करून नॉब फक्त खालच्या रॉडवर ठेवला. पाच मिनिटं झाली तरी आत अंधार. फक्त वरच्यावर केला, तर थोड्याच वेळात लालसर उजेड. माझ्या ओव्हनला थर्मोस्टॅट एकच, वरच्या आणि खालच्या दोन्ही जोड्यांना मिळून. तो गेला असता तर वरचे तरी कसे तापले असते? म्हणजे दोष खालच्या जोडीत, नाहीतर नॉबच्या स्विचमध्ये.

गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे नेला. घरून निघताना फोनवर त्यांनी बजावलं होतं, "वहिनी, प्लग काढून तासभर तरी थंड होऊ द्या." त्यांनी बाजूचा पत्रा खोलला, खालच्या रॉडच्या वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध मोजायचं मीटर, लावला. एक रॉड ३५ ओहम दाखवत होता, दुसरा काहीच नाही. खालची जोडी एकामागे एक जोडलेली आणि दोन्ही मिळून ७५० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ७० ओहम. त्यातला एक तुटला की दुसरा धडधाकट असूनही थंड. तुटलेल्या रॉडच्या टोकाची थिंबल (वायर जोडायची धातूची टोपी) काळी पडली होती आणि वायरवरची स्लीव्ह, म्हणजे वरचं आवरण, हात लावताच भुगा होऊन गळली. काकांनी तिथे कथलाचा डाग दिला नाही, तो उष्णतेने सुटतो म्हणाले. नवी थिंबल पकडीने दाबून बसवली, उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली. शेवटी रॉडचं टोक आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात मीटर लावून करंट बॉडीत उतरत नाही ना, तेही तपासलं. ही तपासणी कोणाकडूनही दुरुस्ती केलीत तरी समोर उभं राहून करून घ्याच. रॉडची जोडी, थिंबल आणि मजुरी धरून ४८० रुपये झाले.

घरी आणून पहिल्यांदा वीस मिनिटं रिकामाच तापवला. थोडा धूर आला, वास आला, मग गेला.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी वापरतेय. डायलचा थर्मामीटर आत ठेवून पाहिलं, नॉब १८० वर असताना आत १६५ भरतात. म्हणून १९५ वर लावते, आणि नानकटाईचं बूड पुन्हा सोनेरी होतं. मे महिन्यात संध्याकाळी मात्र केक मधे बसायला लागला. छातीत धस्स झालं, पण रॉड शाबूत होते. व्होल्टेज २०० वर आलं होतं, आणि तेवढ्याने उष्णता जवळजवळ पाव हिश्श्याने घटते. आता उन्हाळ्यात बेकिंग सकाळीच. ओव्हन साडेसहा अँपिअर खेचतो, त्यामुळे १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावते, एक्स्टेंशन बोर्डला कधीच नाही.

एक तक्रार राहिलीच आहे. मागच्या डाव्या कोपऱ्यात रंग जास्त येतो, म्हणून निम्म्या वेळेला ट्रे फिरवावा लागतो. ही खोड ओव्हन नवा होता तेव्हापासूनची, रॉड बदलूनही गेलेली नाही.