कीबोर्डची केबल सुटी करायचीय: मिनी यूएसबी की टाइप-सी?

जुन्या यूएसबी कीबोर्डची केबल सहसा मुळाशीच तुटते. तिथे सॉकेट बसवलं की पुढच्या वेळी फक्त केबल बदलायची.

मिनी यूएसबी हा जुना, साधा गडी. पाच पिना, त्यातल्या चारच लागतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन. सोल्डरिंगला नवखा हातही निभावून नेतो. पण केबल शोधायची तर जुन्या कॅमेऱ्यांचा खण उपसावा लागतो, आणि अंधारात उलटी घालण्याची खोड काही जात नाही.

टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसतं, केबल घरात पडलेलीच असते. मेख वेगळीच आहे. त्याच्या दोन्ही सीसी पिनांपासून (जोडणी ओळखणाऱ्या पिना) ग्राउंडला प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तो नसेल तर ए-टू-सी केबलवर (एका टोकाला नेहमीचं चपटं यूएसबी) कीबोर्ड मजेत चालतो, सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) लावली की मात्र ढिम्म! कारण समोरच्या पोर्टला इकडे कुणी जोडलंय हेच कळत नाही, म्हणून तो वीजच सोडत नाही. नुसत्या सॉकेटच्या पिना फार बारीक. त्यामुळे रेझिस्टर लावलेला तयार छोटा बोर्डच घ्यावा. अर्थात त्याला आत जागा जास्त लागते.

मी टाइप-सीच घेईन. केसमध्ये बोर्ड मावतच नसेल, तरच मिनी.

आणि वायरच्या रंगांवर भरवसा नको, मल्टिमीटरने तपासा. सॉकेट स्क्रूने पक्कं करा. केबल ओढली की नुसतं सोल्डर उखडतं.