बॅरिॲट्रिक सर्जरीच्या आधी आणि नंतर भाड्याचं ऑटो सीपॅप : नागपूरमधून रिव्ह्यू

वजन कमी करायच्या ऑपरेशनची (म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीची) तारीख मिळाली असेल आणि डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन, लावायला सांगितलं असेल तर मशीन विकत घ्यायची घाई करू नका, भाड्याने घ्या, ऑटो म्हणजे दाब स्वतः कमीजास्त करणारंच घ्या, आणि वाचलेल्या पैशातून चांगला मास्क घ्या. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल पण मास्कचा भाग वाचाच, कारण माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी सीपॅप कपाटावर ठेवून दिलं त्यांची मशीन चांगलीच होती, मास्क जमला नव्हता.

आधी थोडं माझं. मी त्रिमूर्तीनगरला राहते, शाळेत शिकवते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२ होता, बीपीची गोळी चालू. सकाळी डोकं जड, दुपारच्या तासाला डोळे मिटायचे, तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं तपासून झालं, झोपेचं कोणी विचारलंच नाही. बाई घोरते हे घरात बोलायचंच नाही अशी आपल्याकडे पद्धत, नवराही संकोचाने गप्प. शेवटी सर्जरीच्या तपासण्यांमध्ये स्लीप स्टडी (झोपेतला श्वास मोजायची तपासणी) आली म्हणून कळलं. एएचआय ४८. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ४८ वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट होतो, हाच आजार स्लीप ॲप्निया. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. बायांनो, घोरणं आणि दिवसभराचा थकवा असेल तर स्वतःहून सांगा डॉक्टरांना, पुरुषांइतकं ते आपल्यात पटकन लक्षात येत नाही.

हा रिपोर्ट इन्शुरन्सलाही लागतो. बीएमआय ४० च्या वर असेल तर प्रश्न नाही, पण ३५ ते ४० मध्ये असाल तर सोबत एखादा गंभीर आजार दाखवावा लागतो आणि गंभीर स्लीप ॲप्निया त्या यादीत आहे. मशीनचं भाडं मात्र माझ्या पॉलिसीत बसलं नाही, ते खिशातून.

सर्जरीच्या आधीच काहून लावायचं, वजन उतरलं की आजार जाईलच ना, असं मलाही घरच्यांनी विचारलं. भूलतज्ज्ञ मॅडमनी नीट समजावलं. भूल आणि त्यानंतरची दुखण्याची काही औषधं घशाचे स्नायू सैल पाडतात, श्वासाची ओढ कमी करतात, आणि ज्याचा घसा झोपेत आधीच मिटतो त्याला धोका ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रींमध्येच जास्त. त्या रात्री मास्क पहिल्यांदा तोंडाला लावून चालत नाही, सवय आधीच झालेली पाहिजे. फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, स्वतःचं मशीन आणि मास्क सोबत आणणे.

आता मशीन. मला मिळालं ते रेसमेडचं एअरसेन्स १० ऑटोसेट. दाब ४ ते २० पर्यंत (सेंटिमीटर पाण्याच्या मापात) स्वतः कमीजास्त करते, घसा जेवढा मिटतो तेवढाच दाब देते. आवाज खूपच कमी, आमच्या कूलरपुढे तर ऐकूच येत नाही. रॅम्प लावला की सुरुवातीला हलकी हवा येते आणि झोप लागल्यावर दाब चढतो, श्वास सोडताना दाब थोडा उतरवायची सोय आहे ती चालू करून घ्या, नवीन माणसाला त्याने फार फरक पडतो. सकाळी स्क्रीनवर किती तास लावलं, मास्क किती नीट बसला, एएचआय किती आला ते दिसतं. पहिल्यांदा तो आकडा ५ च्या खाली पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरं सांगते. मला भाडं महिन्याला ४,००० आणि डिपॉझिट १०,००० पडलं, मास्क वेगळा विकत, तो भाड्याने घेऊही नये.

मास्क. पहिल्या डीलरने घरी येऊन सोफ्यावर बसवून फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) मास्क चढवला, पट्टे करकचून ओढले, छान बसला म्हणाला आणि निघून गेला. आडवं झाल्यावर गाल सैल पडतात, मान वळते, दाब चढला की कडेने हवा सुटून सरळ डोळ्यांत जाते. माझ्या नाकाच्या हाडावर लाल चट्टा पडला आणि जीव गुदमरल्यासारखं व्हायचं ते वेगळंच. मग रामदासपेठेतल्या दुसऱ्या दुकानात गेलो, तिथल्या पोराने आधी कॉटवर झोपवलं. "ताई, बसून नाही कळत, आडव्या व्हा, कुशीवर व्हा, मी दाब वाढवून राहिलो, कुठून हवा सुटते ते सांगा." असा दुकानदार मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. नाकावरचा नेझल मास्क, नाकपुड्यांना नुसता टेकणारा पिलो मास्क आणि फुल फेस, तिन्ही लावून पाहिले. तोंडाने श्वास घेणाऱ्याला किंवा नाक कायम चोंदलेलं असणाऱ्याला फुल फेस लागू शकतो, बाकीच्यांनी आधी नेझल पहावा. मला नेझल जमला.

बायकांसाठी एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. नाकातली चमकी मास्कच्या सिलिकॉनखाली आली की तिथून हवा सुटते आणि कातडीही सोलते, म्हणून मी रात्री काढून ठेवते. सासूबाईंना ते आवडलं नव्हतं, पण रात्री माझा श्वास थांबलेला त्यांनीच एकदा पाहिला होता, त्यामुळे त्यांनीच चमकी ठेवायला छोटी डबी आणून दिली. वेणी मानेवर आली तर मागचा पट्टा सरकतो, वर बांधा. झोपायच्या आधी चेहऱ्याला क्रीम, तेल काही नको, सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं. कुशन (मास्कचा चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग) रोज सकाळी सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवू नका. आणि सवय करायला सरळ रात्रीपासून सुरुवात नका करू, संध्याकाळी टीव्ही पाहताना नुसता मास्क, मग मशीन चालू करून अर्धा तास, मग दुपारची झोप, मग रात्र. लेक शेजारी बसून माझ्याशी बोलत राहायची तेव्हा गुदमरणं विसरायला व्हायचं.

ह्युमिडिफायरबद्दल, म्हणजे मशीनच्या हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, नागपूरकरांनी लक्ष द्या, कारण पुस्तिकेत आपलं हवामान नाही लिहिलेलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठाक, एसीत झोपत असाल तर ह्युमिडिफायर वाढवा, नाहीतर नाक आणि घसा सकाळी सोलवटलेला. पण कूलर लावून झोपत असाल तर ताट्यांची ओली हवा खोलीत आधीच असते, तिथे सेटिंग खाली आणा, नाहीतर नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो आणि नाकात थेंब पडतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही तेच होतं, तेव्हा गरम राहणारी नळी घ्या किंवा नळी पांघरुणाखालून न्या. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच, नळाच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, आणि पाणी रोज बदलायचं.

सर्जरीनंतर हा ह्युमिडिफायर आणखीनच महत्त्वाचा होतो. स्लीव्ह (जठर लहान करायचं ऑपरेशन) झाल्यावर पाणी घोटघोटच प्यावं लागतं, रात्री घसा कोरडा पडला म्हणून ग्लासभर पाणी गटागटा पिता येत नाही. तोंड उघडं राहून हवा सुटत असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच दुरुस्त करून घ्या, हनुवटीचा पट्टा लावून किंवा मास्क बदलून.

सगळ्यात मोठी भीती म्हणजे दाबाची हवा पोटात जाऊन टाके सुटतील का. मी सर्जनना सरळ विचारलं. ते म्हणाले की आतापर्यंतच्या अभ्यासांत सीपॅपमुळे लीक (टाक्यांतून गळती) वाढल्याचं दिसलेलं नाही, उलट श्वास अडून ऑक्सिजन उतरणं जास्त वाईट. तरी तुमच्या सर्जनला तुम्ही विचाराच. हवा गिळली जाऊन पोट फुगतं हे काही जणांना होतं, मला थोडं झालं, डॉक्टरांनी वरचा दाब जरा कमी केला आणि पाठ उंच करून झोपवलं, मग ठीक. हॉस्पिटलमध्ये जाताना एक्स्टेन्शन बोर्ड न्या, पलंगामागचं सॉकेट हाताला लागत नाही. नर्सताईंना मास्क कसा लावायचा ते शुद्धीत असताना दाखवून ठेवा, सोबत राहणाऱ्या माणसालाही.

आणि आता भाडंच का, ऑटोच का. वजन उतरायला लागलं की चेहरा आधी उतरतो. माझा मीडियमचा मास्क महिन्या-दोन महिन्यांत ढिला पडला, पट्टे कितीही ओढले तरी हवा सुटे, स्मॉलचं कुशन घ्यावं लागलं. दाबाचंही तसंच, आधी रात्रभरात बहुतेक वेळ १३ च्या आसपास लागायचा, आता ८ च्या आसपास. एकाच दाबाचं मशीन विकत घेतलं असतं तर तो दाब मला आता जास्त झाला असता आणि दर वेळी सेटिंग बदलायला पळावं लागलं असतं. ऑटोने ते आपोआप सांभाळलं.

लाइट गेली तर मशीन बंद, आत बॅटरी नाही. इन्व्हर्टरवर चालतं, साइन वेव्ह असावा, ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी पुष्कळ जास्त टिकते.

जुनं मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर आधी तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने बरीच मॉडेल परत बोलावली होती कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकत होते. तशी मशीन घरोघरी पडलेली असू शकतात.

घोरणं थांबलं म्हणून मशीन परत करू नका हे कळकळीने सांगते. वजन उतरल्यावर बहुतेकांचा आजार कमी होतो पण सगळ्यांचा पूर्ण जात नाही, आणि घोरणं नसलं तरी श्वास अडू शकतो. ते परत स्लीप स्टडी केल्यावरच कळतं. माझे डॉक्टर वजन एका जागी स्थिर झालं की करू म्हणालेत, तोवर भाडं चालू ठेवलंय आणि मी रोज लावून झोपून राहिले. मशीनला ५ पैकी ५, पहिल्या डीलरला १, रामदासपेठेच्या पोराला जेवढे देता येतील तेवढे.